‘युरोपचा कायदा’ म्हणजे नेमका कोणता कागद?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या शेतीच्या पानावर युरोपच्या बदलत्या नियमांमुळे द्राक्ष बागायतदार चिंतेत असल्याची बातमी होती. मी ती दोनदा वाचली. नियम कुणी केला, त्याचा क्रमांक काय, तो झालाय की अजून व्हायचाय, यातलं काहीच तीत सापडलं नाही. म्हणून हे पत्र.

मी तुळजापूर तालुक्यातला. एका वकीलसाहेबांकडे 31 वर्षं कारकुनी केली, आता घरची अडीच एकर द्राक्षबाग बघतो. पक्षकार ‘कायद्यात असं आहे’ म्हणाला की साहेब लगेच विचारायचे, ‘कोणत्या? अधिनियम आहे, नियम आहे, जीआर आहे, की कुणाचं तोंडी सांगणं?’ नुसता कूळकायदा म्हणून भागायचं नाही. हैदराबादचा 1950 चा की मुंबईचा 1948 चा, हे आधी सांगावं लागे, कारण आमच्या मराठवाड्यातल्या जमिनींना हैदराबादचा लागतो. इतकी वर्षं ही सवय अंगात मुरलेली असताना माझ्याच बागेत मी ती विसरलो.

फेब्रुवारी 2021 ची गोष्ट. मजूर आलेले, क्रेट मांडलेले, पहिल्या ओळीतले घड उतरायला लागलेले. तेवढ्यात व्यापाऱ्याचा माणूस म्हणाला, ‘काका, युरोपनं मागच्या आठवड्यात कायदा बदलला. क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक आता चालत नाही. ठरलेल्या भावात किलोमागं 11 रुपये कमी होतील.’ रेसिड्यूचा, म्हणजे मालात उरलेल्या औषधाच्या अंशाचा, रिपोर्ट माझ्या खिशात होता. त्यात क्लोरपायरीफॉसपुढे ‘आढळले नाही’ असं छापलेलं. तो म्हणाला, ‘हा जुन्या कायद्याचा रिपोर्ट.’ उतरवलेला माल घेऊन मी जाणार कुठं? मान हलवली.

नंतर मुलीनं युरोपीय संघाच्या संकेतस्थळावरून तो कागद शोधून काढला. तिथं असे सगळे कागद फुकट वाचायला मिळतात. क्रमांक 2020/1085, तारीख 23 जुलै 2020, लागू 13 नोव्हेंबर 2020 पासून. म्हणजे ज्याला ‘मागचा आठवडा’ म्हटलं गेलं, तो तीन महिने जुना होता, आणि कागद सात महिने आधीचा. शिवाय त्यातली मर्यादा 0.01 मिलिग्रॅम प्रतिकिलो, म्हणजे शंभर टन द्राक्षात एक ग्रॅम. ज्या मालात औषध सापडलंच नाही, त्याला ही मर्यादा कशी आडवी येईल? 11 रुपये कशाचे कापले, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

पण मला त्या कागदाचं डोकं, म्हणजे सुरुवातीचा मजकूर, फार आवडला. आपल्याकडच्या अधिसूचनेत सुरुवातीला ‘अमुक कलमान्वये प्रदान केलेल्या अधिकारांचा वापर करून’ असं असतं ना, तसंच तिथंही आहे. आधी लिहिलंय, संघाच्या कामकाजाविषयीचा करार विचारात घेऊन. मग, अन्नातल्या औषधांच्या अंशांची मर्यादा ठरवणारा 2005 चा 396 क्रमांकाचा विनियम विचारात घेऊन. या दोन ओळींत सगळी उतरंड दिसते. तळाशी सदस्य देशांनी आपसात केलेले करार. त्यातल्या कामकाजाच्या कराराचं मूळ 1957 च्या रोमच्या करारात, आणि आजचं रूप 1 डिसेंबर 2009 पासून अमलात असलेल्या लिस्बन करारानं आलेलं. मूलभूत हक्कांच्या सनदेलाही तोच दर्जा. करारांनी दिलेल्या अधिकारात युरोपीय संसद आणि मंत्र्यांची परिषद मिळून 2005 चा विनियम करते, आणि त्या विनियमानं दिलेल्या अधिकारात युरोपीय आयोग, म्हणजे संघाचं कार्यकारी मंडळ, औषधागणिक आकडे ठरवतो. वरच्या मडक्याला खालच्याचा आधार नसेल तर ते न्यायालयात टिकत नाही.

आता विनियम आणि निर्देश यातला फरक, जो बातम्यांत नेहमी पुसला जातो. विनियम 27 ही देशांत जसाच्या तसा, थेट लागू होतो. निर्देशात उद्दिष्ट बांधील असतं, पण ते गाठायला प्रत्येक देशाला मुदतीत स्वतःचा कायदा करावा लागतो. औषधांचंच बघा. 2009 मध्येच दोन्ही आले. कोणतं औषध बाजारात येऊ द्यायचं, हे सांगणारा 1107 क्रमांकाचा विनियम. आणि शेतात ते कसं जपून वापरायचं, यासाठीचा 128 क्रमांकाचा निर्देश. आमच्या मालाची तपासणी होते ती विनियमांवर. निर्देश तिथल्या शेतकऱ्याच्या फवारणीचा आहे, त्यानं तुळजापूरचा भाव पडायचं कारण नाही. (लंडनला जाणाऱ्या मालाचं 2021 पासून वेगळं, तिथं ब्रिटनचा स्वतःचा कायदा.)

न्यायालयाचे निवाडेही तिथं कायद्याचा मोठा झरा आहेत. संघाचा कायदा देशाच्या कायद्यापेक्षा वरचढ, हे मूळ करारात कुठेच लिहिलेलं नव्हतं. मिलानच्या कोस्ता नावाच्या वकिलांनी वीज कंपन्यांच्या राष्ट्रीयीकरणाला विरोध म्हणून दोन हजार लिऱ्यांपेक्षाही कमी रकमेचं बिल भरायला नकार दिला. तो वाद लक्झेंबर्गला असलेल्या संघाच्या न्यायालयात गेला आणि 1964 मध्ये तिथून हे तत्त्व निघालं. त्याच्या आदल्या वर्षी एका डच वाहतूक कंपनीच्या जकातीच्या खटल्यात ठरलं होतं की साधा माणूससुद्धा कराराचा आधार घेऊन आपल्या देशाच्या न्यायालयात हक्क मागू शकतो. कोर्टाच्या पायऱ्या आयुष्यभर चढलेल्या माझ्यासारख्याला हे वाचून भरून आलं.

सगळ्यात जास्त नुकसान करते ती प्रस्तावाची बातमी. 2030 पर्यंत कीटकनाशकांचा वापर निम्म्यावर आणायचा विनियम आयोगानं जून 2022 मध्ये मांडला. आमच्याकडे पारावर त्याची चर्चा कायदा झाल्यासारखी चालायची. नोव्हेंबर 2023 मध्ये युरोपीय संसदेनं तो फेटाळला आणि फेब्रुवारी 2024 मध्ये आयोगानं मागे घेत असल्याचं जाहीर केलं. फेटाळल्याची बातमी मात्र आमच्या पारापर्यंत आलीच नाही.

हे कायदे 24 भाषांत निघतात. जेमतेम साडेपाच लाखांच्या आसपास लोकसंख्येच्या माल्टाची भाषाही त्यांत आहे, आणि प्रत्येक भाषेतला मजकूर सारखाच अस्सल मानतात. मराठी त्यांत असायचं कारण नाही, ते काम आपलं. पुण्याजवळच्या मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र औषधांची आणि शेवटची फवारणी ते काढणी यांतल्या दिवसांची यादी काढतं, ती आम्ही पाळतो. पण त्यामागचा कागद कोणता, हे मराठीत सांगणारं वर्तमानपत्राशिवाय दुसरं कोण आहे?

माझी मागणी छोटी आहे. अशा प्रत्येक बातमीखाली एक चौकट द्या: विनियम, निर्देश, निवाडा की नुसता प्रस्ताव, क्रमांक, लागू होण्याची तारीख. जागा दोन बोटांचीही लागणार नाही. ऑक्टोबर छाटणीच्या आधी सुरू केलंत तर ते कात्रण मी आमच्या सोसायटीच्या फळ्यावर लावीन, आणि फेब्रुवारीत व्यापारी बागेत आला की खिशात रिपोर्टाशेजारी ठेवीन.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार
ता. तुळजापूर, जि. धाराशिव