माशीला लागलेला मासा

प्रिय दिल्या,

स. न. वि. वि. आणि मास्तरांनी घोकून घेतलेलं पुढचं सगळं इथे आहे असं समज.

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. "चार तास गाडी हाकायची, बर्फासारख्या पाण्यात उभं राहायचं आणि मासा मिळाला की परत सोडायचा? डोकं ठिकाणावर आहे ना?" मागे वहिनी हसत होत्या, तेही ऐकू आलं. फोनवरच उत्तर दिलं असतं, पण तू मधेच तोडतोस. म्हणून पत्र.

सॉल्ट लेक सिटीहून पहाटे निघालो. फ्लेमिंग गॉर्ज धरणाजवळ डच जॉन नावाचं गाव आहे. गावात शिरलो आणि मला हसूच फुटलं. सरळ आखलेले रस्ते, एका साच्यातली घरं, आणि एवढ्या मोठ्या डोंगरात माणसं मूठभर. अरे, कोयनानगरच! धरणाच्या कामगारांसाठी वसवलेली वसाहत, काम संपल्यावर उरलेली. धरण १९६४ सालचं, म्हणजे आपल्या धरणाचं जुळं भावंड म्हण. उंची मात्र १५३ मीटर, आपल्या दीडपट. एखाद्या क्वार्टरच्या पायरीवर तुझे बाबा पाटबंधारे खात्याची डायरी घेऊन बसलेले दिसतील असं वाटत होतं.

धरणाखाली ग्रीन नदी लाल कड्यांमधून वाहते. लिटल होलपर्यंत अकराएक किलोमीटर नदीकाठाने पायवाट आहे. एप्रिलमध्ये सावलीत अजून बर्फ असतो, पण नदी मोकळी. पाणी इतकं नितळ की पुरुषभर खोलीवरचे गोटे मोजावेत. गाळ सगळा वर तलावात बसतो, खाली येतं ते गाळून घेतल्यासारखं पाणी.

आता एक आठव. मे महिन्यात आपण धरणाखालच्या डोहात उडी मारायचो तेव्हा अंगावर सर्रकन काटा यायचा. तू म्हणायचास, भिंतीची सावली पडते म्हणून. मी ते चाळीस वर्षं खरं मानलं, गाढवा. ऊन तलावाचं वरचं पाणी तापवतं, जड थंड पाणी तळाशी बसतं, आणि धरण खालून पाणी सोडतं. इथे हाच प्रकार फार झाला होता. सुरुवातीची वर्षं तळाचं पाणी इतकं गार यायचं की ट्राउटसारखा थंडीतला मासाही नीट वाढेना. मग १९७८ मध्ये भिंतीला अशी दारं बसवली की तलावाच्या हव्या त्या थरातलं पाणी घेता येतं. म्हणजे माशांच्या आंघोळीचं पाणी कोमट करून देणारा बंब! इथला वसंत निम्मा आकाशातून येतो आणि निम्मा कंट्रोल रूममधून.

मासेही आणलेलेच. रेनबो ट्राउट पॅसिफिकच्या बाजूचा, आणि ब्राउन ट्राउटची अंडी १८८३ मध्ये जर्मनीहून अमेरिकेत आली. त्यांच्यासाठी जागा कशी केली ते वाचून मात्र मला दोन दिवस बेचैन वाटलं. धरण भरण्याआधी, सप्टेंबर १९६२ मध्ये, नदीत आणि तिच्या फाट्यांत सातशेएक किलोमीटरपर्यंत रोटेनोन सोडलं. मासे मारायचं विष. मूळचे मासे 'कचरा' म्हणून निकालात. त्यातले काही आज दुर्मीळ म्हणून कायद्याने जपावे लागतात, आणि खालच्या अंगाला त्यांची पिल्लं दिसू लागली की धरणातून मुद्दाम जादा पाणी सोडतात, पिल्लांना काठच्या पाणथळीत शिरता यावं म्हणून. ज्या नदीत विष ओतलं तिलाच आता वेळ पाहून पाणी पाजायचं. कुणाला हसावं कळत नाही. मी तर त्याच नदीत उभा होतो, हौसेने.

बरं, आता माशीकडे येतो. गांडूळ विसर. इथे खरं आमिष लावायला बंदीच आहे, गळाला माशी किंवा आमिष खोटंच हवं, मी माशी घेतली. आकड्यावर दोरा आणि पिसं गुंडाळून ती बांधायची. ऑफिसात आयुष्यभर माशा मारल्या, आता घरी माशा बांधतो. वसंतात इथे ब्लू विंग ऑलिव्ह नावाचे बारीक कीटक पाण्यातून वर येतात. पिल्लू तळाशी गोट्यांना चिकटून राहतं, मग एके दिवशी पृष्ठभागावर येऊन कात टाकतं, आणि पंख वाळेपर्यंत इवल्या शिडाच्या होडीसारखं वाहत जातं. त्या प्रौढ किड्याला खायला तोंडसुद्धा नसतं, एकदोन दिवसांचा कारभार. त्याची नक्कल वीस नंबरच्या आकड्यावर. नंबर वाढेल तसा आकडा लहान, म्हणून वीस नंबर म्हणजे जिऱ्याच्या दाण्याएवढा. चष्मा कपाळावर नि जीभ दातांत धरून त्यात तार ओवायला मला पाच मिनिटं लागली.

हे किडे उन्हात नखरे करतात. ढगाळ, भुरभुर पावसाचा दिवस त्यांना आवडतो. सकाळी लख्ख ऊन होतं, आणि मी तीन तास नुसता भिजलो. तेही आतून, कारण भाड्याने आणलेली छातीपर्यंतची रबरी विजार डाव्या गुडघ्याला गळत होती. दुकानदाराने "नवीनच आहे" म्हणून दिली होती. दुपारी एकच्या सुमाराला ढग आले, आणि काठाजवळच्या एका धोंड्यामागे पाण्यावर टिचकी मारल्यासारखं वर्तुळ उठलं. मग पुन्हा. मी मोजलं, दर सात-आठ आकड्यांनी एक.

वाटलं, माशी त्याच्या डोक्यावर टाकली की झालं. कसलं काय! धोंड्यामागचं पाणी संथ, माझ्यापुढचं धावतं. माझी दोरी धावत्या पाण्यात, माशी संथ पाण्यात. दोन क्षणांत दोरी माशीला फरफटत नेई. खरा किडा असा पळत नाही, हे त्या माशाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तो वर येई, नाकाने माशी हुंगल्यासारखं करी आणि शांतपणे खाली जाई. अकरा वेळा. मुलगी बघायला येऊन पोहे खाऊन जाणारे लोक आठवले.

मग दोरी पडताच ती हलकेच वरच्या अंगाला उलटवायला लागलो, म्हणजे माशीला जरा सैल वेळ मिळतो. वर्तुळ उठलं, माशी गेली, आणि मी काय केलं असेल सांग? कळकाच्या काठीला द्यायचो तसा झटका! टिपेट तुटलं. दोरीच्या टोकाची, माशी बांधायची केसाएवढी तार ती, तुटणारच. मरळ धरताना तू माझ्या पाठीत धपाटा घालून म्हणायचास ना, "हिसकू नको, त्याला तोंड तर मिटू दे." तो धपाटा तिथे ऐकू आला, देवाशप्पथ.

पुन्हा ओवायला पाच मिनिटं. तासाभराने थोडं खाली दुसरा वर येत होता. या वेळी त्याने घेतल्यावर मनात "विठ्ठल" म्हटलं आणि मगच काठी उचलली. रील किर्रर्र करत सुटलं. तो पळाला की सोडायचं, थांबला की गुंडाळायचं, असं बराच वेळ चाललं. ब्राउन होता, दीड वितीचा. पोट लोण्याच्या रंगाचं, अंगावर तांबडे ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट निळसर कडं. हात आधी ओले करावे लागतात, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचं बुळबुळीत कवच निघतं. प्रवाहाकडे तोंड करून धरला. कल्ले चारपाच वेळा हलले, शेपटीने मनगटावर एक फटका दिला आणि गेला. दिवसभरात एवढाच.

परत का सोडला, ते अजूनही तुला पटणार नाही. मलाही जेवताना थोडं चुकल्यासारखं झालं. सोबत नेलेली पोळी-भाजी गारढोण झाली होती.

माशा बांधायला इथे मोरपिसाचे तंतू वापरतात. तिकडून धाडायच्या भानगडीत पडू नकोस, निर्यातीला बंदी आहे. पण एक काम कर. या मे महिन्यात धरणाखाली गेलास तर सकाळी आणि दुपारी, दोन्ही वेळा डोहाचं पाणी मोज. वहिनींचा तापाचा थर्मामीटर नेऊ नकोस, त्यावर एवढं थंड दिसत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेतला माग. आणि भिंतीची सावली किती वाजता पडते तेही लिही, म्हणजे तुझा चाळीस वर्षांचा दावा एकदा निकालात निघेल.

काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
पम्या