चंद्रीचं दावं कुणी कापलं?

निपाणी, जूनअखेर

प्रिय सुमे,

आम्ही सगळे ठीक. माझं बीपी गोळीवर, ह्यांचे गुडघे तसेच, सासूबाई ठणठणीत. आता मुद्द्याचं. फोनवर तू मध्येच हसतेस आणि मग मीही हसते, सांगायचं राहून जातं. म्हणून लिहिते.

मला अंगात आलं. म्हणजे आलं नाही, पण सासूबाईंच्या मते आलंच.

पत्र्यावर पाऊस वाजला की माझा जबडा आवळतो, पोटात गोळा येतो, रात्री दोनला मी दारात उभी. २०१९ च्या पुरापासूनचं हे तुला ठाऊक आहे. २०२१ च्या जुलैत यमगर्णीला पुन्हा हायवे पाण्याखाली गेला, तेव्हा आमच्या गल्लीत थेंब नव्हता तरी मी भांडी माळ्यावर चढवली होती. ईसीजी झाला, थायरॉईड झालं, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. मी काय हौसेनं घेते?

शेवटी प्राजूनं कोल्हापुरात एका बाईंकडे नेलं. मला वाटलं, आता पुराची गोष्ट पहिल्यापासून सांगायची, रडायचं, पैसे द्यायचे. बाईंनी गोष्ट विचारलीच नाही. म्हणाल्या, पाय जमिनीला टेकलेले जाणवतात का? पाठ खुर्चीला टेकली का? खोलीत निळं काय काय दिसतं? मला आपले पीटीचे सर आठवले. मग श्वास आत घ्यायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ बाहेर सोडायला लावला. सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात म्हणे. मेंदूच्या बुडापासून हृदय, फुप्फुसं, आतड्यांपर्यंत व्हेगस नावाची नस जाते, तिचं हे काम. मग पुरातलं थोडंसंच आठवायचं, नुसता पत्र्याचा आवाज, की लगेच परत पायांकडे यायचं. पुन्हा थोडं, पुन्हा परत. सगळं एकदम उपसायचं नाही.

असं चाललं असताना एका दिवशी माझ्या मांड्या थरथरायला लागल्या. थंडी म्हणावी तर पंखाही बंद. थरथर वर वर दातांपर्यंत आली. आणि अशा वेळी माझ्या डोक्यात कोण यावं? जानक्का! पौर्णिमेला यल्लम्माच्या जगासमोर, म्हणजे टोपलीतल्या देवीसमोर, केस सोडून घुमणारी, आणि मागं आपण दोघी पदराचा बोळा तोंडात कोंबून बसलेल्या. मी खुर्चीत थरथरत हसत होते. बाई म्हणाल्या, होऊ द्या, थांबवू नका, मुद्दाम वाढवूही नका. त्या रात्री पाऊस असून मी झोपले.

प्राजूच्या तोंडात तीळ भिजत नाही. सासूबाईंना कळलं, आणि लगेच निकाल लागला की सौंदत्तीचं काहीतरी राहिलंय. आता परडी भरायला जायचं. "असं काय करालीस गं, देवीला नाही म्हणतात?" हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, दोन्हीकडे जा, कुठं तरी गुण येईल. स्वतः मात्र पावसाळाभर रोज रात्री बॅटरी घेऊन नदीचं पाणी बघून येतात, त्याला औषध नको!

बाईंची ही पद्धत, सोमॅटिक एक्सपिरिअन्सिंग म्हणतात तिला, पीटर लेव्हिन नावाच्या अमेरिकन माणसानं १९७० च्या दशकापासून बसवत आणली. त्याचं म्हणणं, रानातलं जनावर जीव वाचला की थरथरून ताण झटकतं आणि चरायला लागतं. माणूस तो दाबतो, मग तो अंगात राहतो. मी बाईंना म्हटलं, मी जन्मभर म्हशी सांभाळल्यात. आमची चंद्री पोहत माळावर गेली, पण झटकलं कुठं काही? छावणीत पान्हाच चोरायला लागली. रेडकू ढुशा देऊन दमलं, धारेला बसलं की कास आखडायची. ह्यांनी शिव्या घातल्या, मी पेंड वाढवली. शेवटी सासूबाईच (श्रेय द्यायलाच हवं) रोज संध्याकाळी चरवी न घेता तिच्याजवळ बसायला लागल्या, पाठीवरून हात फिरवत, काहीबाही बोलत. दिवाळीच्या सुमारास सुटली. भ्यालेलं जनावर दूध सोडत नाही, भीतीनं अ‍ॅड्रेनलीन चढतं, हे जनावरांचे डॉक्टरही सांगतात. रानातल्या त्या हरणापेक्षा मला आमची चंद्री पटते. बाई हसल्या. म्हणाल्या, आपणही चरवी न घेताच बसलोय.

प्राजू मात्र बजावते, या पद्धतीवरचे अभ्यास थोडे आणि लहान आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये अशा त्रासासाठी सुचवले ते दुसरे उपचार, एक विचारांवर काम करणारा, बोलून करायचा, आणि एक डोळे इकडून तिकडे हलवत आठवण काढायचा, ईएमडीआर. तेव्हा झोप पुन्हा उडाली तर सायकियाट्रिस्टकडे, असं ठरलंय. पोरगी शहाणी झाली, माझ्यावर गेली नाही.

पण सुमे, थरथर सुरू झाली ती कशावर माहितीय? दाव्यावर. हातात विळा, पाणी मांडीपर्यंत, ओलं दावं बोटांना लागतंय. पुढं काही नाही. एकदम मी बोटीत. हे म्हणतात, चंद्रीचं दावं तू कापलंस. मला वाटत होतं ह्यांनी. मग राणीचं कुणी कापायचं होतं? तिचं नाव आमच्या घरात निघत नाही. विळा माझ्या हातात होता तर मी एकीचं कापून दुसरीचं सोडलं का? की वेळच नव्हता? की राणी आधीच गेली होती?

बाई म्हणतात, बरं वाटायला ते आठवायलाच हवं असं नाही. जोर लावून उकरलं तर मन रिकाम्या जागी स्वतःचं काहीतरी घालतं आणि आपण ते खरं धरून बसतो. पटतं मला. म्हणूनच उकरत नाही, तुला विचारते. तू जिन्याच्या वरच्या पायरीवर होतीस, बॅटरी तुझ्याकडे होती. नंतर बोटीत तू शिलाई मशीनचं डोकं मांडीवर घेऊन बसलीस, जवान ओरडला, मी बोलले, आणि त्या रागात तू आमच्या बेबीच्या लग्नाला आली नाहीस. माणसांना जागा नव्हती, मी अजूनही तेच म्हणेन. पण त्या भांडणामुळं खरं विचारायचं राहून गेलं.

दिसलं तेवढंच लिही. मला बरं वाटावं म्हणून काही घालू नकोस, आठवत नसेल तर नाही म्हण. व्हॉट्सअ‍ॅपवर नको, प्राजू वाचते.

तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? संदीपला फ्लॅटचा ताबा मिळाला? सुनेशी सध्या बोलणं आहे ना? मशीन चालू असेल तर तिच्या साड्यांना फॉल लावून दे, गोडी राहील. पोस्टाची वेळ होत आली, थांबते.

तुझी,
शैला