योजना देवाची खरी, पण ती सांगायचा हक्क कोणाचा?

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या रविवारी तुमच्या पेपरात श्रद्धेवर चिंतन आलं होतं. त्यात होतं की कोणी दगा दिला तर तक्रार करू नये, त्यामागे देवाचा काही हेतू असतो, म्हणून गप्प राहून स्वीकारावं. मी ख्रिस्ती आहे, देवाच्या हेतूवर माझा पूर्ण भरवसा आहे, तो नसता तर मागची काही वर्षं मी काढूच शकली नसती. पण ते "गप्प राहावं" वाचलं आणि हातातला चहा थंड झाला, तशीच पत्र लिहायला बसली.

मी इथलीच, नागपूरची. ३१ वर्षं नर्स म्हणून ड्युटी केली, रिटायर झाल्यावर पीएफ-ग्रॅच्युइटीचा पैसा आला त्यातून हुडकेश्वरच्या पुढे एका लेआऊटमध्ये प्लॉट घेतला. घेऊन देणारा आमच्याच चर्चचा माणूस, क्वायरमध्ये वीस वर्षं माझ्या मिस्टरांच्या बाजूला उभा राहून गायलेला, ते गेले तेव्हा शवपेटीला खांदा दिलेला. मी त्याला भाऊ म्हणायची. इसारपत्र झालं, पैसे दिले, रजिस्ट्री मात्र पुढच्या महिन्यात, पुढच्या महिन्यात करत दीड वर्ष गेलं. तोवर मी प्लॉटच्या कोपऱ्यात कडुनिंबाचं रोपटं लावलं होतं आणि दर रविवारी उपासना झाली की ऑटोनं तिथे जायची, पाच लिटरच्या कॅननं पाणी घालायची. २०१९ च्या मे महिन्यात गेली तर विटांचं कंपाऊंड, गेटला कुलूप, आणि माझं झाड भिंतीच्या आत. कॅन हातात धरून किती वेळ उभी होती ते आठवत नाही, ऑटोवाल्यानं हॉर्न दिला तेव्हा भानावर आली. नंतर कळलं की तोच प्लॉट तिघांना विकला होता.

त्यानंतर घरी जे जे आले ते बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "जाऊ द्या न ताई, देवाची काही योजना असेल." मी मान हलवायची, आणि ते गेले की दार लावून रडायची. एकच म्हातारी बाई, आमच्या महिला मंडळातली, आली आणि म्हणाली, "लई वाईट झालं बाई तुझ्यासोबत." बस एवढंच, आणि ओट्यावरच्या वालाच्या शेंगा सोलून देऊन गेली. त्या रात्री मला झोप लागली.

बायबलातल्या योसेफाची गोष्ट संडे स्कूलपासून ऐकलेली, पण खरी वाचली ती तेव्हा. भावांनी त्याला २० रुप्याच्या नाण्यांना विकलं तेव्हा तो १७ वर्षांचा होता आणि फारोसमोर, म्हणजे मिसरच्या राजासमोर, उभा राहिला तेव्हा ३०, म्हणजे मधली १३ वर्षं गुलामी आणि तुरुंग. "तुम्ही माझं वाईट योजलं पण देवानं त्यातून चांगलं योजलं" हे वाक्य सगळे सांगतात, पण ते बोललं कोण? विकला गेलेला योसेफ स्वतः, तेही सगळं होऊन गेल्यावर, बाप मेल्यानंतर. भावांनी तसं म्हटलं असतं तर कसं वाटलं असतं? आणि तुरुंगात असताना तो गप्प होता असंही नाही, बायबलातल्या उत्पत्ती पुस्तकाच्या ४० व्या अध्यायात प्यालेबरदाराला, म्हणजे राजाला प्याला देणाऱ्या सेवकाला, तो स्पष्ट सांगतो की मला चोरून आणलंय, मी काहीही केलेलं नसताना मला इथे टाकलंय, माझी गोष्ट फारोच्या कानावर घाल. यालाच आपण तक्रार म्हणतो. प्यालेबरदार सुटला आणि विसरला, अजून दोन वर्षं गेली, हा वेगळाच दगा. तरी देव त्याच्याबरोबर होता असंच शास्त्र सांगतं. माफी पण त्यानं आंधळी नाही दिली, भावांना आधी पारखलं, आणि ज्या यहूदा नावाच्या भावानं विकायची आयडिया काढली होती तोच धाकट्या भावाच्या, बन्यामीनाच्या बदली गुलाम व्हायला तयार झाला, तेव्हा कुठे योसेफ मोठ्यानं रडला आणि ओळख दिली.

आणि दुसऱ्या यहूदाचं म्हणाल, ३० रुप्याची नाणी घेऊन येशूला धरून देणाऱ्या शिष्याचं, तर वधस्तंभ ही देवाचीच योजना होती हे आम्ही मानतो, तरीपण प्रभू येशू म्हणालाच की ज्याच्या हातून मला धरून दिलं जातं त्या माणसाची केवढी दुर्दशा होणार. योजना देवाची होती म्हणून दगा देणारा मोकळा झाला नाही. गुड फ्रायडेच्या तीन तासांच्या उपासनेत "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास" हा येशूचा वधस्तंभावरचा उद्गार दरवर्षी वाचतात, चर्चमध्ये बसून. देवाच्या पुत्राला विचारायची परवानगी आहे तर आम्हाला का नाही?

पंडिता रमाबाईंचं सांगते. दुष्काळात आई, बाप, बहीण गेली, १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये नवरा, आणि १९२१ मध्ये मुलगी मनोरमा, त्यांच्या स्वतःच्या आधी. त्याच बाई १८९६-९७ च्या दुष्काळात आपल्या या तेव्हाच्या मध्य प्रांतात आल्या आणि उपाशी पोरींना पुण्याजवळच्या केडगावला आपल्या आश्रमात घेऊन गेल्या. भूक काय असते हे त्यांना माहीत होतं. मला देवाचा हेतू कुठे दिसतो विचाराल तर तो इथे दिसतो, दुष्काळ चांगला होता असं म्हणण्यात नाही.

मी पोलीस स्टेशनला अर्ज दिला तेव्हा चर्चमधले काही जण नाराज झाले, म्हणाले बाहेर कशाला न्यायचं, आपसात मिटवा. मिटवायला गेली होती की, तीनदा गेली, तिसऱ्यांदा दार उघडलं नाही. आता केस चालू आहे. रोज रात्री त्याचं नाव घेऊन प्रार्थना करते, सुरुवातीला दात आवळून करायची, आता तसं नाही होत. मागच्या वर्षी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा त्याची बायको डबा घेऊन आली, मान खाली घालून उभी. मी तिला आत बोलावलं, तिनं वाढलं, मी जेवली. तिच्या नवऱ्याबद्दल ती काही बोलली नाही, मीही नाही विचारलं.

पुढची तारीख ऑगस्टमध्ये आहे, मी जाणार आहे. त्या प्लॉटवरून परवा ऑटोनं गेली, कडुनिंब भिंतीच्या वर आला आहे, रस्त्यावरून दिसतो.

एक निवृत्त नर्स,
सदर, नागपूर