शाळेची फी आणि स्वाहिलीतली ‘दादा’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आफ्रिकेतल्या गरीब मुलांचं माध्यमिक शिक्षण आणि त्यांना मिळणाऱ्या शिष्यवृत्त्या यांवरचा लेख गेल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. सिंह, जिराफ आणि यादवी सोडून त्या खंडाबद्दल आपल्याकडे फारसं काही छापून येत नाही, म्हणून विषय घेतल्याबद्दल आधी आभार. पण मुलींना शाळेत न धाडण्याची तिथल्या पालकांची ‘मानसिकता’ बदलायला हवी, असं जे लेखात म्हटलंय, ते काही केल्या पटलं नाही. मी 2008 ते 2017 नैरोबीच्या औद्योगिक भागात एका कारखान्यात हिशेबनीस होतो. मुलीला शिकवायचंच नाही असं ठरवलेला बाप मला तिथे भेटला नाही. कुठे असेलही. मला भेटले ते फीच्या पावत्या खिशात घेऊन फिरणारे बाप, आणि त्याहून जास्त आया.

तिथली भाषा स्वाहिली. मराठी माणसाची पहिल्या आठवड्यातच तिच्यात फजिती होते. बाबा म्हणजे बाबाच, पण मामा म्हणजे आई, काका म्हणजे भाऊ आणि दादा म्हणजे बहीण. आमच्या कार्यालयात चहा करणारी बाई होती. तिथल्या रिवाजाप्रमाणे तिला सगळे मुलीच्या नावाने हाक मारत, ‘अमुकची मामा’. डिसेंबर 2011 मध्ये तिची मुलगी आठवीची बोर्डाची परीक्षा चांगल्या गुणांनी पास झाली. तेव्हा ही परीक्षा 500 गुणांची असे आणि कुठली माध्यमिक शाळा मिळणार ते तिच्यावर ठरे. मुलीला मुलींची एक नावाजलेली वसतिशाळा मिळाली. एका देणगीदार संस्थेने चार वर्षांची फी भरायचं कबूलही केलं. आता बाई पेढे वाटणार अशी माझी समजूत. ती माझ्या टेबलाशी आली तेव्हा चेहरा उतरलेला होता आणि हातात शाळेने पाठवलेली यादी होती.

ही यादी मला अजून आठवते. गादी, दोन ब्लँकेटं, चादरी, बादली, स्लिपर, साबण, भूमितीची पेटी, गणवेशाचे दोन जोड, खेळाचा पोशाख आणि कुलूप लावता येईल अशी पत्र्याची ट्रंक. फीत यातलं काहीच येत नाही. जानेवारीत नैरोबीच्या कामुकुंजी भागात पत्रे ठोकल्याचा नुसता ठणठणाट असतो. उघड्यावर काम करणारे कारागीर तिथे शाळेच्या ट्रंका बनवतात आणि बसच्या टपांवर त्यांची उतरंड रचली जाते. ट्रंकेला स्वाहिलीत ‘संडुकू’ म्हणतात. आपली संदूक ती हीच, दोघांनीही अरबीतून उचललेली. आम्ही कार्यालयात ‘हारांबे’ केली. हारांबे म्हणजे सगळ्यांनी मिळून ओढणं. केनियाच्या राजचिन्हावरही हा शब्द आहे, पण रोजच्या व्यवहारात त्याचा अर्थ वर्गणी. मी थोडे जास्त पैसे घातले, कामुकुंजीला जाऊन संदूक घेऊन आलो आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

इथवरची गोष्ट मी बरीच वर्षं लोकांना ऐकवत आलो. पुढची सांगायला जरा लाज वाटते.

पहिल्या सत्रानंतर मुलगी घरी आली ती परत जायला तयार होईना. फी भरलेली, गादी-बादली शाळेत, आणि पोरगी घरी बसून. आईने विचारलं तर पोट दुखतं म्हणे. देणगीदार संस्थेला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांचा संबंध शाळेच्या बँक खात्याशी, मुलीशी नव्हे. मी तर चौकशीही केली नव्हती. खरं कारण वस्तीतल्याच एका कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने काढून घेतलं. प्राथमिक शाळेत कायम पहिली येणारी ही पोर नव्या वर्गात चाळिसावी आली होती. बाकीच्या मुलींचं इंग्रजी फाडफाड, हिचं पुस्तकी. सत्राच्या सुट्टीआधी सगळ्यांचे पालक भेटायला आले, हिची आई रजा मिळाली नाही म्हणून आली नाही. मुलीचा असा समज झाला की आपल्याला इथे चुकून घेतलंय आणि ती चूक कोणाच्या लक्षात येण्याआधी आपणच निघालेलं बरं. त्या कॉलेजच्या मुलीने भाषण वगैरे काही दिलं नाही. स्वतःची नववीची गुणपत्रिका आणून दाखवली. तिचा नंबर त्रेपन्नावा होता. मग प्रत्येक सुट्टीत, दर रविवारी, ती येऊन गणित घेत राहिली. ही ती दादा.

आपल्या लेखात ‘मेंटॉरिंग’चा उल्लेख दोन ओळींत उरकलाय, जणू तो शिष्यवृत्तीवरचा वर्ख. माझ्या मते फी हा निम्मा खर्च आहे आणि ही दादा उरलेला निम्मा. दादाला पावती नसते, म्हणून देणाऱ्यांच्या हिशेबात ती येत नाही, एवढंच. हिशेबनीस म्हणून ही चूक मला आधी दिसायला हवी होती.

ज्यांनी हे ओळखलं त्यांच्याबद्दलही लिहायला हवं. झिंबाब्वेत झांबेझीच्या खोऱ्यात मोला नावाचं गाव आहे. करिबा धरणासाठी 1950च्या दशकाच्या अखेरीस टोंगा जमातीची सुमारे 57,000 माणसं उठवली गेली, त्यांपैकी काही या रुक्ष भागात आली. (मी पाटणचा. कोयनेच्या शिवसागरात कोणाचं काय गेलं हे ऐकत वाढलेला. त्यामुळे या तपशिलाशी मी जरा जास्त रेंगाळतो.) 1991 मध्ये ॲन कॉटन ही ब्रिटिश बाई तिथे पाहणीसाठी गेली. मुली माध्यमिक शाळेत का येत नाहीत याचं तिला सगळ्यांनी सांगितलेलं उत्तर आपल्या लेखातलंच होतं: पालकांची मानसिकता. तिथे तिला भेटल्या सुमारे शंभर किलोमीटरवरच्या गावातून आलेल्या दोन मुली. मोलाच्या शाळेची फी कमी, म्हणून इतक्या लांब येऊन त्या स्वतः उभारलेल्या झोपडीत राहत होत्या आणि स्वतःच रांधून खात होत्या. पालकांशी बोलल्यावर तिला कळलं की अडचण पैशांची आहे. एकाच मुलाची फी परवडत असेल तर ज्याला पुढे पगाराची नोकरी मिळण्याची शक्यता जास्त, त्याला धाडायचं, म्हणजे मुलाला. हा हिशेब क्रूर आहे खरा, पण त्याला अडाणीपणा म्हणता येणार नाही. परत गेल्यावर तिने केंब्रिजमध्ये केकचा ठेला लावून पैसे जमवायला सुरुवात केली आणि 1993 मध्ये 32 मुलींपासून ‘कॅम्फेड’ ही संस्था सुरू झाली.

आज ती झिंबाब्वेखेरीज झांबिया, घाना, टांझानिया आणि मलावीत काम करते. मला तिच्यातली दोन कलमं महत्त्वाची वाटतात. एक, मुली निवडताना नुसते गुण न पाहता गरज पाहायची, आणि ती गावातल्या लोकांनी मिळून ठरवायची. दुसरं, 1998 मध्ये शिकून बाहेर पडलेल्या मुलींनी स्वतःची संघटना बांधली. त्यांच्यातल्या काही जणी आपल्याच भागातल्या शाळेत परत जाऊन लहान मुलींना शिकवतात, गैरहजर मुलीच्या घरी जातात, वेळ पडली तर मुख्याध्यापकांशी बोलतात. बदल्यात त्यांना धंद्यासाठी बिनव्याजी कर्ज मिळतं. व्याज फेडायचं ते शाळेला दिलेल्या वेळाने! आमच्या सहकारी पतसंस्थांच्या सभेत ही कल्पना मांडून पाहायला मजा येईल. पहिल्या तुकड्यांतली एक मुलगी, अँजेलिन मुरिमिर्वा, आज त्या अख्ख्या संस्थेची मुख्य कार्यकारी अधिकारी आहे.

केनियात इक्विटी बँकेच्या फाउंडेशनने मास्टरकार्ड फाउंडेशनच्या साहाय्याने 2010 मध्ये ‘विंग्ज टू फ्लाय’ ही शिष्यवृत्ती सुरू केली. तिच्यात फीबरोबर गणवेश, पुस्तकं, प्रवास आणि हातखर्चही धरलेला असतो आणि मुलांना मार्गदर्शक दिले जातात. निवडीआधी घरी जाऊन पाहतात. मात्र तिथे गुणवत्ता यादीचा दरवाजा आहे. हुशार आणि गरीब असेल त्याची सोय होते. मध्यम आणि गरीब असेल त्याने काय करायचं, हा प्रश्न राहतोच. आपल्याकडे तरी त्याचं उत्तर कुठे सापडलंय?

फी माफ झाली की प्रश्न मिटला, असंही लेखात सूचित होतं. केनियाने 2003 मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत केलं, 2008 पासून दिवसाच्या माध्यमिक शाळांची शिकवणी फी माफ केली आणि 2018 पासून सरकार दर विद्यार्थ्यामागे वर्षाला 22,244 शिलिंग देऊ लागलं. घानाने 2017 मध्ये, झांबियाने 2022 मध्ये माध्यमिक फी काढून टाकली. ही मोठी कामं आहेत, त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. तरी चांगल्या निकालाच्या शाळा बहुतेक वसतिशाळा. केनियाच्या राष्ट्रीय दर्जाच्या वसतिशाळेची सरकारी दराने पालकांवर येणारी वार्षिक फी 53,554 शिलिंगांपर्यंत जाते. शिवाय ती यादी. बाकी थकली की सत्राच्या मध्यात पोरांना ‘फी घेऊन या’ म्हणून घरी पाठवतात. भर दुपारी गणवेशात बसथांब्यावर बसलेली अशी मुलं मी कितीदा पाहिली आहेत. आता तर तिथली सगळी रचनाच बदलली. आठवीची ती परीक्षा 2023 मध्ये शेवटची झाली आणि नववीनंतर विज्ञान, सामाजिक शास्त्रं किंवा कला-क्रीडा यांतली वाट मुलांनी निवडायची आहे. ज्या घरात दहावी कोणी पाहिलेली नाही, तिथे ही वाट कोण समजावणार?

परदेशातल्या मराठी मंडळींना दोन शब्द. आपण देतो, हात आखडता घेत नाही. पण धनादेश देताना फोटो काढतो आणि पुढच्या वर्षी वेगळी शाळा शोधतो, फोटो वेगळा यावा म्हणून. मी ज्या मित्रमंडळात होतो तिथे हेच चालायचं आणि फोटोत मीही आहे. दहा मुलांना एका वर्षाची फी देण्यापेक्षा दोन मुलांची चार वर्षं उचला. त्यात संदूक धरा, घरी येण्या-जाण्याचं बसभाडं धरा, मुलींसाठी सॅनिटरी पॅड धरा. आणि त्याच वस्तीतून पुढे गेलेल्या एखाद्या मुलीला दर सुट्टीत वेळ द्यायला मानधन द्या. आपण स्वतः मार्गदर्शक व्हायला जाऊ नये असं माझं मत आहे. मी एकदा त्या मुलीला ‘मोठी स्वप्नं पाहा’ छापाचं अर्धा तास ऐकवलं होतं. तिने अदबीने ऐकून घेतलं. पोटदुखीचं कारण काही सांगितलं नाही.

ती मुलगी 2015 मध्ये बारा वर्षांचं शालेय शिक्षण संपवून बाहेर पडली. गुण बरे मिळाले, फार थोर नाहीत. पुढे नर्सिंगची पदविका केली. कायम नोकरी अजून नाही, सहा-सहा महिन्यांच्या करारावर आहे. मागच्या महिन्यात तिचा व्हॉट्सॲपवर निरोप आला. धाकट्या मावसबहिणीला वसतिशाळेत सोडायचंय, संदूक तीच जुनी चालेल, कडी-कोयंडा मात्र नवा बसवावा लागेल, कामुकुंजीत तो हल्ली केवढ्याला पडतो याचा काही अंदाज आहे का, असं तिने मला विचारलं. पाटणला बसून मला तो कसा असणार? पण विचारलं, याचं बरं वाटलं.

आपला,
एक नियमित वाचक
पाटण, जि. सातारा