डिझेल घेताय? आधी रस्ता बघा

महोदय,
गेल्या वर्षी ‘डिझेल स्वस्त पडतं’ या शोरूमवाल्याच्या बोलण्याला भुलून डिझेल गाडी घेतली. माझं रोजचं जाणं-येणं कोथरूड ते शिवाजीनगर, तेही कर्वे रस्त्याच्या कोंडीत. तिसरा गिअर पडला तर सण. चार महिन्यांत डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. मेकॅनिक म्हणाला, “साहेब, फिल्टर काजळीने भरलाय. एक्स्प्रेस वेवर पळवून आणा.” १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे गाड्यांच्या प्रदूषणाचे कडक नियम लागू झाल्यावर डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेवर हा फिल्टर आला. साठलेली काजळी जळायला त्याला सलग वेग आणि उष्णता लागते. गाडी विकताना यातलं चकार शब्दाने कुणी सांगितलं नाही. आता अधूनमधून नुसती काजळी जाळायला लोणावळ्यापर्यंत जातो. (घरचे खूश आहेत, चिक्की येते.)

ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचा दर सरकारी नियंत्रणातून मुक्त झाल्यापासून पेट्रोल-डिझेलच्या दरातली जुनी तफावत उरलेली नाही. त्यात गाडी महाग, आपल्या राज्यात रोड टॅक्सही पेट्रोलपेक्षा जास्त. सातारा-कोल्हापूर सतत करणाऱ्याने खुशाल डिझेल घ्यावी. पण विक्रेत्याने गिऱ्हाइकाला आधी एवढं तरी विचारावं: रोज किती किलोमीटर, आणि कुठल्या रस्त्याने?

— एक वाचक, कोथरूड, पुणे