नव्या अलॉय व्हीलवरील स्टिकरचा चिकटा आणि नाकारलेली वॉरंटी

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : आपल्याच कर्मचाऱ्याच्या सल्ल्याने गोंद काढताना चाकाचा रंग खराब झाल्याबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीची चार अलॉय व्हील मी अमरावतीच्या दुकानातून पक्क्या बिलावर घेतली. चाकांच्या मजबुतीबद्दल माझे काही म्हणणे नाही. तक्रार आहे ती चाकाच्या दर्शनी भागावर लावलेल्या स्टिकरबद्दल, आणि त्याहून जास्त तुमच्या उत्तराबद्दल.

साइज आणि बारकोडचे तळहाताएवढे स्टिकर तुम्ही ऐन रंगावर चिकटवता. दुकानदाराने ते ओढले तर वरचा कागद तेवढा निघाला, गोंद जागेवरच राहिला. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या घरात असतो. उन्हात उभ्या गाडीच्या चाकाला हात लावणे होत नाही. त्या तापाने गोंद आणखी पसरला आणि पांदण रस्त्याची काळी माती त्यावर बसली. चाके नवी घेतली की भंगारातून आणली, असे गावात लोक विचारू लागले.

म्हणून तुमच्या ग्राहक सेवेला फोन केला. उत्तर मिळाले, "थिनरने पुसून घ्या, काही होत नाही." फोन लागताच तुमचीच ध्वनिफीत सांगते की संभाषण रेकॉर्ड केले जात आहे. ते रेकॉर्डिंग काढून ऐकावे, ही विनंती.

हार्डवेअरच्या दुकानातून थिनर आणून एका चाकावर लावले. गोंद गेला, पण रंगावरचा क्लिअर कोट, म्हणजे चमक देणारा पारदर्शक थरही मऊ पडला. फडक्याचे धागे त्यात रुतले आणि पांढुरका, निस्तेज डाग कायमचा राहिला. फोटो पाठवून दाद मागितली, तेव्हा तुमच्या कार्यालयाचे उत्तर आले: "रसायन वापरल्यामुळे वॉरंटी लागू नाही." म्हणजे रसायन सुचवणारे तुम्ही आणि रसायन वापरले म्हणून हात वर करणारेही तुम्हीच!

उरलेली तीन चाके वरूडच्या एका मिस्त्रीने साफ करून दिली. आधीचे चाक पाहताच तो म्हणाला, "थिनर तं रंगच खाते ना भाऊ!" त्याने सकाळी, चाके थंड असताना ती खोलून घेतली. गरम पाण्यात पिळलेले फडके गोंदावर ठेवले. गोंद नरम पडल्यावर जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने हलकेच सरकवला. ब्लेडची पत्ती नाही, तारेचा ब्रश तर नाहीच. जे राहिले त्यावर खोबरेल तेल लावून थोडा वेळ मुरू दिले, बोटाने चोळून गोळ्या काढल्या आणि गाडी धुण्याच्या शाम्पूने तेलाचा अंशही ठेवला नाही, कारण ते ब्रेकच्या डिस्कवर गेले तर ब्रेक धरणार नाही. तिन्ही चाकांवर साधा ओरखडाही नाही.

चारही चाकांवर गोंद तोच, ऊनही तेच. फरक एवढाच की एका चाकावर तुमचा सल्ला वापरला गेला. तेव्हा दोष उन्हावर किंवा माझ्या हातावर ढकलू नये. (तुमच्या प्रतिनिधीने फोनवर "गाडी सावलीत लावत जा" असेही सुचवले. आमच्या रानात कपाशीची सावली कारला पुरत नाही, हे त्यांना कळवावे.)

माझी मागणी अशी: खराब झालेले चाक बदलून द्यावे, किंवा ते त्याच छटेत नव्याने रंगवून घेण्याचा पूर्ण खर्च द्यावा. वॉरंटी नाकारल्याचे पत्र मागे घ्यावे. शिवाय स्टिकर रंगावर न लावता वेष्टनावर किंवा चाकाच्या आतल्या बाजूला लावावे आणि फोनवर बसणाऱ्यांना थिनर, ॲसिटोन सुचवण्यास मनाई करावी. ही शेवटची मागणी माझ्यासाठी नाही, पण ती मी सोडणार नाही.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. ते न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे अमरावतीच्या जिल्हा ग्राहक आयोगात सेवेतील त्रुटीची तक्रार दाखल करीन. त्या कायद्याने ग्राहकाला राहत्या जिल्ह्यातच दाद मागता येते, त्यामुळे तारखांना यायचे ते तुम्हालाच यावे लागेल.

कळावे.

आपला ग्राहक,
ता. वरूड, जि. अमरावती

सोबत : बिलाची व वॉरंटी कार्डाची प्रत, चारही चाकांचे फोटो, वॉरंटी नाकारल्याचे आपले पत्र.