शेवयीएवढ्या तुकड्यासाठी आभार

फुप्फुसाच्या गाठीतून सुईने काढलेला तुकडा शेवयीच्या काडीएवढा. कर्करोग आहे का, कुठला, औषध ठरवणाऱ्या ईजीएफआर-एएलके या जनुकांच्या तपासणीला काही उरेल का, सगळं त्यातच भागवायचं. म्हणून एकाच बैठकीत 3-4 मायक्रॉनचे जादा काप घेऊन ठेवणाऱ्या तंत्रज्ञांचे मनापासून आभार. ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तुकडा, कापायच्या यंत्रावर परत लावला की पातळी जुळवतानाच ऊतक छाटलं जातं, आणि ते पुन्हा मिळत नाही.

एफएनएसीची, म्हणजे बारीक सुईने ओढलेल्या पेशींची, पॅप रंगासाठीची काच ओली असतानाच 95 टक्के अल्कोहोलमध्ये बुडवणाऱ्या सिस्टर, तुमचेही. वाळली की पेशी फुगतात, केंद्रक धूसर दिसतं. गिम्सा रंगासाठी मुद्दाम वाळवलेल्या काचा, ऊतक टिकवणाऱ्या फॉर्मलिनच्या वाफेपासून लांब नेणारे मामा, तुमचेही. बाटलीवर ‘उजवं फुप्फुस, वरचा लोब’ असं सुवाच्य लिहिणाऱ्या हातांचे तर किती मानावेत!